सुहासला पत्र : अपुऱ्या दिवसांच्या बाळांची प्रश्नावली

फोंडा,
१८ मार्च

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. वाळपईला तू अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं फॉलोअप सुरू करतोयस आणि आईबापांकडून एएसक्यू-३ (बाळाची वाढ वयाप्रमाणे होते का, ते पाहणारी प्रश्नावली) भरून घेणार आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. फॉर्म सोपा आहे. चुका होतात त्या बहुतेक पहिला प्रश्न वाचण्याआधीच.

म्हणून आधी वय. बाळ ३ किंवा जास्त आठवडे लवकर झालं असेल, तर दोन वर्षांपर्यंत दुरुस्त वय धरायचं, म्हणजे जितके आठवडे लवकर झालं तितके वयातून वजा करायचे. समज, ३० आठवडे भरल्यावर ५ जानेवारी २०२५ ला जन्मलेलं बाळ. चाळीसातून तीस गेले, उरले १० आठवडे. म्हणजे मोजायला सुरुवात १६ मार्च २०२५ पासून. वर्षभरानंतर, परवाच्या १६ मार्चला, जन्मतारखेने ते चौदा महिन्यांचं, पण फॉर्म द्यायचा बारा महिन्यांचा. चौदाचा दिलास तर चांगलं वाढणारं पोरही मागे दिसतं आणि आईची झोप उडते. आठवडे आठवणीवर सोडू नकोस. ‘आठव्या महिन्यात झालं’ म्हणजे नेमकं कधी? डिस्चार्ज कार्ड बघ.

विभाग पाच : बोलणं-समजणं, मोठ्या हालचाली, बोटांची कामं, अडचण सोडवणं, आणि स्वतःचं करणं व माणसांत मिसळणं. प्रत्येकी सहा प्रश्न. ‘हो’ला १०, ‘कधीकधी’ला ५, ‘अजून नाही’ला ०. एका विभागात दोन उत्तरं रिकामी राहिली तर बाकीच्यांची सरासरी तिथे घाल, शून्य नको. तीन राहिली तर तो विभाग मोजूच नये. आणि पाचांची बेरीज कधीच करू नकोस; बोलण्यातली उणीव चालण्याच्या गुणांत बुडते. प्रत्येक विभागाची किमान गुणांची रेषा वेगळी असते. रेषेखाली गेलं की पूर्ण तपासणीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठव. जेमतेम वर असेल तर घरी करायचे खेळ सांगून पुन्हा बोलाव.

फॉर्म हातात देऊन बाकावर बसवू नकोस. घरात कोंकणी, फॉर्म मराठी : पोर ‘उदक’ म्हणतं आणि आई लिहिते, ‘पाणी म्हणत नाही’. दोन्ही धर. चमच्याने खातं का, याला ‘नाही’ येतं, कारण चमचा कुणी हातात दिलेलाच नसतो. दोन दिवस देऊन बघा, मग लिहा, असं सांग. सासूबाई शेजारी असतील तर आईला एकदा एकटीला विचार.

मला सर्वांत काळजी वाटते ती याची : फॉर्म ‘करतं का’ विचारतो, पण कसं करतं हे बहुतेक निसटतं. वर्षाच्या आतलं बाळ सगळं एकाच हाताने उचलतंय, दुसरी मूठ मिटलेलीच, तर बोटांच्या कामात गुण चांगले आले तरी थांबू नकोस. या बाळांना सेरेब्रल पाल्सीचा (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असण्याचा) धोका जास्त असतो. डोळ्यांचा पडदा आणि कान तपासले का, तेही कार्डावर बघ; प्रश्नावली ते काम करत नाही.

शेवटच्या पानावर बिनगुणांचे प्रश्न आहेत, आईबापांना काय खटकतं ते विचारणारे. घाईत लोक तेच सोडतात. पाचही विभागांत ६० पैकी ६० असोत, पण तिथे ‘हाक मारली तरी वळत नाही’ असं लिहिलेलं असेल तर त्याच दिवशी तपासणीला पाठवायची चिठ्ठी दे.

तुझा,
विनायक