रिले चुकला नव्हता

महोदय,

मोठी यंत्रणा कोलमडली की चौकशी ‘कुठला भाग बिघडला’ इथून सुरू होते. पुष्कळदा तो भाग बिघडलेला नसतोच.

३० जुलै २०१२ च्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर भारताची ग्रिड गेली. सुरुवात बीना–ग्वाल्हेर या ४०० केव्ही लाइनवरून झाली. जोडीची दुसरी लाइन ७६५ केव्हीवर नेण्याच्या कामासाठी बंद होती, म्हणून तिचाही भार पहिलीवर. लाइनवर बिघाड ओळखून ती आपोआप बंद करणारे उपकरण, म्हणजे डिस्टन्स रिले, व्होल्टेजला करंटने भागते. उत्तर ठरावीक आकड्याखाली आले की रिले पुढे फॉल्ट (शॉर्ट सर्किटसारखा बिघाड) आहे असे धरतो. पण भार फार वाढला तरी करंट चढतो, व्होल्टेज पडते आणि भागाकार तसाच घसरतो. रिलेचा सर्वांत लांबचा टप्पा म्हणजे झोन ३. तिथे जड भार आणि दूरचा फॉल्ट त्याला सारखेच दिसतात. फॉल्ट नसताना लाइन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, तिच्यावरची वीज शेजारच्या लाइनींवर लोटली गेली आणि त्याही पटापट सुटल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी १ वाजता तेच कारण, तीच लाइन. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य, तिन्ही ग्रिड गेल्या. (अमेरिकेतल्या ओहायोत १४ ऑगस्ट २००३ ला ग्रिड कोलमडली, तेव्हाही झोन ३ नेच लाइन ट्रिप केली होती. नऊ वर्षे हाताशी होती!)

पैशाच्या बाजारातही हेच. सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये सरकारी रोख्यांचे भाव पडले, तसे रोख्यांच्या तारणावर पैसे उचललेल्या पेन्शन फंडांकडे जादा तारण मागितले गेले. ते भरण्यासाठी फंडांनी रोखेच विकले, भाव आणखी पडले, तारणाची मागणी आणखी वाढली. प्रत्येक फंड आपापल्या नियमाने बरोबर होता. अखेर बँक ऑफ इंग्लंडला ६,५०० कोटी पौंडांपर्यंत रोखे खरेदीची तयारी जाहीर करावी लागली.

तेव्हा रिलेचे सेटिंग तपासताना सगळ्या लाइनी चालू धरून भागत नाही. एक दुरुस्तीला बंद आणि दुसरी अचानक गेली, तर उरलेलीवर किती भार येईल, तो आकडा रिलेच्या झोन ३ शी ताडून पाहावा. रिलेत भार ओळखून ट्रिप रोखण्याची सोय असते, ती चालू ठेवावी. भारनियमनासाठी कुठले फीडर (एकेका भागाला वीज नेणाऱ्या लाइनी) बंद करायचे ते निवडतानाही तेच. टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत ग्रिड वाचवायला जे फीडर बंद केले, त्यांतल्या काहींवर वीजकेंद्रांना गॅस पुरवणारे कॉम्प्रेसर होते. अत्यावश्यक ग्राहकांच्या यादीत त्यांची नोंदच नव्हती; वीज गेली तसा गॅस आटला आणि वीज आणखी कमी पडली. ही यादी दर वर्षी फीडरनिहाय पडताळावी, निव्वळ ग्राहकांनी भरलेल्या अर्जांवर विसंबून राहू नये.

– एक वीज अभियंता