ऊसतोडीला जाताना दिव्यांग लेकरू कुणाकडे ठेवायचं?

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात दिव्यांग मुलांना शिकवते. नेत्यांच्या वाढदिवसाला आमच्याकडच्या निवासी संस्थांमध्ये केळी वाटली जातात, फोटो निघतात आणि भाषणात मुलांना हमखास 'अनाथ' म्हटलं जातं. त्यातल्या कितीतरी मुलांना आई आहे, बाप आहे, आजीही आहे.

मग ती इथं का? आमच्या भागात याचं एक उत्तर ऊसतोडीत आहे. मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते. जोडी म्हणजे एक कोयता. आई घरी राहिली तर अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्यावर उचल फिटत नाही. धडधाकट पोर आजीकडे राहतं, नाहीतर हंगामी वसतिगृहात जातं. पण सेरेब्रल पाल्सी असलेल्या दहा वर्षांच्या नातवाला उचलून संडासला नेणं सत्तरीच्या आजीला झेपत नाही. उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, त्याला दिवसभर कुणाच्या भरवशावर ठेवायचं? मग कुणीतरी संस्थेचा पत्ता देतं. पहिल्या वर्षी हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की आई न्यायला येते. पुढं येणं लांबत जातं. पोर तिथं दोन वेळ जेवतंय, पुढच्या दिवाळीनंतर परत सोडायचंच आहे, असा हिशेब होतो. मला त्या आईला दोष देता येत नाही.

कायदा मात्र स्पष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ९ नुसार न्यायालयाच्या आदेशाशिवाय केवळ अपंगत्वामुळे मूल आईवडिलांपासून तोडता येत नाही. त्यांना सांभाळणं शक्य नसेल तर आधी जवळचे नातेवाईक, ते नसतील तर समाजातलंच एखादं घर, आणि निवारागृह फक्त अपवाद म्हणून. २०१५ चा बाल न्याय कायदाही संस्थेला शेवटचा उपाय मानतो. आमच्याकडे तोच पहिला झालाय.

अडचण खात्यांच्या वाटणीतही आहे. प्रतिपालकत्व, म्हणजे मूल दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं, आणि मूल कुटुंबातच वाढावं म्हणून महिन्याला पैसे देणारी बालसंगोपन योजना आपल्याकडे. निवासी विशेष शाळा २०२२ साली वेगळ्या झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाकडे. आईवडिलांनी थेट निवासी शाळेत सोडलेलं मूल सहसा मुलाला कुठं ठेवायचं हे ठरवणाऱ्या बालकल्याण समितीपुढे येतच नाही. त्यामुळे हे घरी राहू शकतं का, हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

पैशाचंही बोलते. बालसंगोपन योजनेत महिना २२५० रुपये आहेत, केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत ४००० रुपये. धडधाकट पोराला हा आधार होतो. पण डायपर, औषधं, फिजिओथेरपीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला बुडणारी आईची मजुरी, एवढं त्यात बसत नाही. दिव्यांग मुलासाठी रक्कम वेगळी आणि वाढीव हवी. आई हंगामात घरी राहणार असेल तर ऊसतोड कामगार कल्याण महामंडळानं तिच्या अर्ध्या कोयत्याची भरपाई करावी.

जिथं घर उरलेलंच नाही, तिथं प्रतिपालक कुटुंब. २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या स्त्रीलाही मूल सांभाळायला घेता येतं. मराठवाड्यात अशा कर्त्या एकल महिला गावोगाव आहेत. त्यांच्यापर्यंत ही माहितीच पोचलेली नाही. "पैशासाठी पोरं ठेवतील," असं अधिकारी म्हणतात. धोका आहेच, म्हणून प्रशिक्षण हवं आणि न सांगता घरी येणारा समाजसेवक हवा. पण हाच प्रश्न संस्थांनाही विचारा. तपासणीची खबर आदल्या दिवशी पोचली की चादरी बदलतात, हे आम्ही पाहतो.

अठरा वर्षांनंतरचं काय, हे वेगळं पत्र होईल. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना कायदेशीर पालक नेमून देणाऱ्या जिल्हा समित्या आहेत; त्यांच्या बैठका नियमित होतील एवढं तरी पाहावं.

सध्या मागणी एकच. येत्या गाळप हंगामाआधी बीड जिल्ह्यात दोन्ही खात्यांचे अधिकारी एकत्र बसवा आणि निवासी संस्थांतल्या प्रत्येक मुलामागे घरी कोण आहे, याची यादी करा. यादीच्या कामाला आम्ही शिक्षक येऊ. कुणाची आजी अजून दर रविवारी फोन करते, ते आम्हाला ठाऊक असतं.

आपली,
एक विशेष शिक्षिका, बीड जिल्हा