निळी भिंत आणि ओट्याची उंची

सातारा, रविवार

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आईने मला मोठ्याने वाचून दाखवला. मैत्रिणीच्या नव्या फ्लॅटमध्ये तुला काय काय खटकलं त्याची यादी चांगलीच लांबलचक आहे, आणि त्यातलं बरंचसं बरोबरही आहे. तुझी नजर तयार आहे, शेडकार्डं चाळत दुकानात वाढलेली पोर तू. पण 'वास्तुशांतीला गेले की सांगूनच टाकते एकदाचं' हे वाक्य आलं आणि आईने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे लिहितोय.

रंगाच्या दुकानात उभं आयुष्य काढलं की एक नाटक पुन्हा पुन्हा बघायला मिळतं. नवरा-बायको काउंटरवर शेडकार्ड पसरून बसतात. तिला पिस्ता हवा, त्याला क्रीम. बराच खल होऊन हॉलला क्रीम, बेडरूमला पिस्ता असा तह होतो. मी डबा मशीनला लावणार, तेवढ्यात सोबत आलेला मित्र, जो इतका वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला असतो, मान वर करतो आणि म्हणतो, "पिस्ता? दवाखान्यासारखं नाही का वाटणार?" झालं. तिचा चेहरा पडतो, नवऱ्याला जोर चढतो आणि अख्खं घर क्रीम होतं. मित्राला पिस्त्याशी काही घेणंदेणं नसतं. फुकटचा चहा पिऊन तो आपल्या घरी जातो.

तरी मी म्हणतो तो बरा, निदान डबा उघडायच्या आधी बोलला. मशीनवर बेसमध्ये, म्हणजे मूळ रंगात, टिंट पडला की तो डबा आम्ही परत घेत नाही, कारण तो शेड दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारता येत नाही. आणि एकदा भिंतीवर चढला की पुट्टी, प्रायमर, मजुरी, धूळ झाडण्यात गेलेले दिवस, सगळं त्यात जमा. त्यानंतर जो बोलतो तो सल्ला देत नसतो, नावं ठेवत असतो, मग आवाज कितीका प्रेमळ असेना.

आता तुझी यादी घेऊ.

हॉलची निळी भिंत तुला अंगावर येते. येत असेल. शेडकार्डावर बोटभर चौकोनात सौम्य दिसणारा निळा अख्ख्या भिंतीवर गडद होतो, संध्याकाळी ट्यूबखाली आणखी वेगळा दिसतो. म्हणून तर मी सगळ्यांना सांगतो की आधी छोटा डबा न्या, भिंतीवर दोन बाय दोन फुटाचा पट्टा मारा, सकाळी बघा, रात्री बघा, मग ठरवा. पण हे तिला कामाच्या आधी सांगायचं होतं. आता ती भिंत तिच्या समोर रोज आहे. तिला खटकत असेल तर तुझ्या कितीतरी आधी खटकलेली आहे आणि तिने 'असू दे' म्हणून मनाची समजूत घातलेली आहे. खटकत नसेल तर मग प्रश्नच मिटला. तू बोललीस की त्यापुढे तिला दरवेळी ती भिंत तुझ्या डोळ्यांनी दिसणार.

शिवाय तो निळा कुणी निवडला, तुला ठाऊक आहे? नवऱ्याने हट्टाने घेतला असेल, बदल्यात तिने स्वयंपाकघर आपल्या मनासारखं करून घेतलं असेल. बाहेरच्या माणसाला भिंत दिसते, तह दिसत नाही.

गोदरेजच्या जुन्या कपाटाचं तर अजिबात काढू नकोस. 'नव्या फ्लॅटमध्ये हे राखाडी धूड कशाला' असं तू लिहिलंस, आणि आई हसली. अगं, ते कपाट सासूबाईंचं आहे. बहुधा त्यांच्या लग्नातलं. त्याच्या आतल्या चोरकप्प्याची किल्ली अजून त्यांच्या कनवटीला असेल. वास्तुशांतीच्या दिवशी त्या जवळच कुठेतरी पाटावर बसलेल्या असणार, आणि तू सजावटीवर बोलतेयस असं तुला वाटत असताना तिकडे ते 'सुनेने मैत्रिणीच्या तोंडून वदवलं' असं ऐकू जाईल. फर्निचरवर मत द्यायच्या आधी ते कुणाच्या माहेरचं नि कुणाच्या सासरचं एवढं तरी माहीत हवं.

दक्षिणेकडच्या दाराबद्दल तू काही लिहिलेलं नाहीस, त्याबद्दल शाबास. पण तुमच्यापैकी कुणीतरी त्या दिवशी ते काढणारच, म्हणून सांगून ठेवतो. वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन माणूस घर घेतो, आणि प्रसादाची वाटी हातात असताना पाहुणा विचारतो, "टॉयलेट ईशान्येला आलंय का हो?" आता त्याने करावं काय? चौदाव्या मजल्यावर टॉयलेट उचलून वायव्येला ठेवावं? पुढच्या वर्षी मुलाला साधा ताप आला तरी त्या बिचाऱ्याला ईशान्यच आठवणार. वास्तुशास्त्र खरं की खोटं यात मी पडत नाही. पण जे बदलता येत नाही त्याची भीती दुसऱ्याच्या घरात सोडून येणं मला अत्यंत असभ्य वाटतं, शोकेसला नावं ठेवण्यापेक्षाही.

"कसं वाटलं घर?" असं ती विचारेल. तो प्रश्न नव्हे, ते कौतुकाला दिलेलं आमंत्रण आहे. खोटं बोलायची गरज नाही. एखादी खरोखर आवडलेली गोष्ट धर आणि तिचं नाव घेऊन सांग. 'छान आहे हं घर' हे सगळेच म्हणतात. दाराशी बूट घालायला बसता येईल असं चपलांचं कपाट केलंय ते तुला आवडलं होतं ना? तेच सांग. ते नक्की तिने स्वतः सुचवलेलं असणार.

आणि याच्या उलटही असतं बरं का. दोन पडद्यांचे तुकडे हातात धरून ती खरंच विचारायला आली, की तेव्हा 'दोन्ही छानच आहेत, तुला आवडेल ते घे' म्हणून अंग काढून घ्यायचं नाही. विचारलं की नीट उत्तर द्यावं, कारणासकट. पश्चिमेची खिडकी आहे, दुपारभर ऊन तापतं, तर अस्तर लावलेला जाड पडदा घे, पातळ पडद्याचा रंग दोन उन्हाळ्यांत उडेल. असं. न विचारता शंभर मतं देणारी माणसं विचारल्यावर नेमकी मिठाची गुळणी धरतात, हे मी बघत आलोय.

आहेराचंही यातच येतं. भिंतीवरचं घड्याळ, हातभर उंचीचा गणपती, 'स्वीट होम' लिहिलेली पाटी, हे सगळं म्हणजे कागदात गुंडाळलेला सल्लाच. तुझी वस्तू दिसली नाही तर तू विचारणार, म्हणून तिने ती लावायची. नव्या घरात किती गणपती जमतात याची कल्पना आहे ना? सरळ पाकीट दे, अकराशे एक घाल. आणि इन्स्टाग्रामवरचे ते 'छोटा हॉल मोठा कसा दिसेल'चे रील पाठवणं बंद कर. वाचणाऱ्याला त्यात 'तुझा हॉल छोटा आहे' एवढंच दिसतं.

आता जिथे बोललंच पाहिजे तिथे येतो, आणि इथे मला तुझ्या यादीचं नवल वाटलं. अगदी शेवटी तू लिहिलंयस, 'बाथरूममध्ये गॅस गिझर लावलाय, किती ओंगळ दिसतो'. बाई गं, दिसण्याचं मरू दे. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालला की आतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही; माणसाला गरगरतं, आणि कडी आतून लावलेली असते. थंडीत खिडकी लावून अंघोळ करताना माणसं गेलेली आहेत याने. तो गिझर ड्राय बाल्कनीत, उघड्या हवेत हवा, फक्त गरम पाण्याचा पाइप आत यायला हवा. हे वास्तुशांतीपर्यंत थांबायचं नाही, आणि चारचौघांत तर सांगायचंच नाही. तिला एकटीला फोन कर, एकदाच सांग, आणि काय करायचं तेही सांग: प्लंबरला बोलावून गिझर बाहेर घे, तोवर दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरून घ्या आणि गिझर बंद करून मगच अंघोळ. चुकलं कुणाचं, बसवला कुणी, हे विचारूही नकोस. ती चिडली तर चिडू दे. यात मैत्रीला थोडा चरा गेला तरी चालेल.

याच्याच शेजारी तुझी ती 'स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत पाडली तर काय मोकळं होईल' ही सूचना आहे. ती मात्र तोंडातून बाहेर काढू नकोस. अशा नव्या टॉवरांमध्ये बऱ्याचदा मिवानचं काम असतं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात स्लॅबबरोबरच भिंतीही काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. त्या विटांच्या नसतात, वरच्या मजल्यांचा भार त्यांच्यावर असतो. तिथे घण घालायचा म्हणजे वरच्या-खालच्या सगळ्यांच्या जिवाशी खेळ. तू सहज बोलून जाशील आणि तिचा उत्साही नवरा सोमवारी ब्रेकरवाला घेऊन येईल.

राहिला ओटा. 'बुटका वाटतो' एवढंच लिहून तू पुढे गेलीस, आणि सगळ्या यादीत वेळेवर सांगण्यासारखी हीच एक गोष्ट आहे. ग्रॅनाइट अजून यायचंय, ट्रॉल्यांची मापं घ्यायचीत म्हणालीस ना? मग आत्ता बोलता येतं. बहुतेक ठिकाणी ३२-३३ इंच धरून ओटा बांधतात, न विचारता. तुझी मैत्रीण चांगली उंच आहे. त्या ओट्यावर तिची पाठ वर्षभरात बोलायला लागेल. कोपरात हात वाकवून उभं राहायचं, कोपरापासून चार-सहा इंच खाली ओटा यायला हवा. शेगडी वर ठेवायची असेल तर पातेलं आणखी उंच जातं, तेही धरायचं. आणि सिंकखालच्या कपाटाला साधा एमआर प्लाय नको, तो नुसता दमटपणा सोसतो; ७१० शिक्क्याचा मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लाय घ्यायला सांग. खालचा पाइप कधी ना कधी गळतोच.

म्हणजे आज दोन फोन. पहिला गिझरचा. दुसरा संध्याकाळी, थोडा वेळ जाऊ दे मध्ये. टेप घेऊन घरात घालते त्याच चपला घालून उभी राहा म्हणावं. आणि माप घ्यायच्या आधी विचार, पोळ्या कोण लाटणार आहे. सासूबाई लाटणार असतील तर उंची त्यांची धरायची.

तुझा,
अण्णा