गढूळ पाण्याचा नकाशा आणि मोबाइलचे जीपीएस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. मधल्या दिवसांत जलवाहिनी रिकामी राहते. तिला चीर गेलेली असेल आणि शेजारचे ड्रेनेज गळत असेल, तर ते पाणी आत शिरते. म्हणून गढूळ पाण्याच्या तक्रारी वहीत न ठेवता जीआयएस नकाशावर, म्हणजे ठिकाणासह माहिती साठवणाऱ्या संगणकी नकाशावर, मांडाव्यात. त्यासाठीचे क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत मिळते, खर्चाची सबब नको.

तक्रारदाराचे घर दाखवायला मोबाइलचे जीपीएस पुरते. उघड्यावर त्यात ३ ते ५ मीटरची चूक असते, साखर पेठेसारख्या दाटीत आणखी जास्त. वाहिन्यांसाठी मात्र ते वापरू नये. पिण्याची आणि ड्रेनेजची लाइन २ मीटरच्या आत कुठे येतात हे शोधायचे, आणि मोजमापच ५ मीटर सरकलेले! व्हॉल्व्ह आणि मॅनहोल यांच्या जागा आरटीके यंत्राने (सर्वेक्षणाचे अचूक जीपीएस) घ्याव्यात, त्याची अचूकता काही सेंटिमीटरची असते. बोळात आकाश दिसत नसेल तर टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारे सर्वेक्षण यंत्र), तेही नसेल तर इमारतीच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून टेप. खोली न चुकता नोंदवावी. ड्रेनेज वर आणि पिण्याची लाइन खाली, अशा जागा सर्वांत धोक्याच्या.

वाहिन्यांचा थर (नकाशातली त्यांची फाइल) अक्षांश-रेखांशात असताना तिच्याभोवती २ मीटरचा बफर, म्हणजे पट्टा, काढायला जाऊन नुसता २ आकडा टाकला, तर सॉफ्टवेअर २ अंश धरते आणि पट्टा दोनशे किलोमीटरच्या पुढे जातो. आधी थर यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक पद्धतीत (सॉफ्टवेअरमधला तिचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३) आणावा. अख्खा सोलापूर जिल्हा या एकाच झोनमध्ये बसतो. फाइल जिओपॅकेज या प्रकारात ठेवावी. शेपफाइल हा जुना प्रकार रकान्याचे नाव १० अक्षरांवर तोडते आणि मराठी मजकुराचे अनेकदा चौकोन होतात.

ठिपके दाट तिथेच पाणी खराब, असेही नव्हे. नळजोड जास्त तिथे तक्रारी जास्त येणारच. दर १,००० नळजोडांमागे तक्रारी किती, हे व्हॉल्व्हच्या झोननुसार, म्हणजे एका व्हॉल्व्हवरून पाणी मिळणाऱ्या भागानुसार, काढावे. प्रभागाच्या हद्दी मतदानासाठी आखलेल्या असतात, पाणी त्या पाळत नाही.

आणि तक्रारीसोबत वेळ हवीच. पाणी सुटल्यावर सुरुवातीलाच गढूळ येऊन नंतर स्वच्छ होत असेल, तर गळती बहुधा जवळपास असते. शेवटपर्यंत गढूळच राहिले, तर रस्ता खोदण्याआधी टाकी तपासावी.

– एक सर्वेक्षक, सोलापूर