निकष वयाचा नको, काळाच्या तंत्राचा हवा

‘जुन्या शर्यती मोटारींना वयाची एकच अट हवी’ हा लेख वाचला. तीस वर्षे उलटलेल्या प्रत्येक मोटारीला विंटेज शर्यतीत उतरू द्यावे, ही त्यातील सूचना मला मान्य नाही. १९६७ ची लोटस ४९ ही फॉर्म्युला वन शर्यतीची मोटार, हवेच्या जोराने मोटारीला रस्त्याला दाबणाऱ्या पंखांशिवाय धावली. १९७८ च्या लोटस ७९ ला तिच्या तळाखालून जाणारी हवाच रस्त्याला दाबून धरत होती. दोघींमध्ये अंतर जेमतेम अकरा वर्षांचे, पण वळण घेण्याची रीतच बदललेली. वयाच्या अटीत दोन्ही बसतात. एकाच शर्यतीत मात्र त्या शोभत नाहीत, आणि वळणावरच्या वेगातील तफावत चालकांसाठी धोक्याचीही ठरते.

इंग्लंडमधील गुडवुड रिव्हायव्हल ही जुन्या मोटारींची स्पर्धा १९४८ ते १९६६ या काळाला धरून राहते, कारण गुडवुडच्या ट्रॅकवर मूळ शर्यती त्याच वर्षांत होत होत्या. ही मर्यादा इतिहासातून आली आहे, म्हणून ती पटते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोटार त्या काळी जशी धावली तशीच आज असावी. साठच्या दशकातील सांगाड्याला आजचे ब्रेक आणि चिकट टायर लावले, की तिचा वेग तिचा राहत नाही. ‘फिया’ ही मोटार शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना ऐतिहासिक मोटारींना तांत्रिक पासपोर्ट देते, तो याच पडताळणीसाठी. आयोजकांनी प्रवेश देताना मोटारीचे जन्मवर्ष पाहण्याआधी हा दस्तऐवज मागावा आणि निरीक्षकांनी तो मोटारीशी ताडून पाहावा.

– एक वाचक