राखाडी दिसला म्हणून साइक्स होत नाही

महोदय,

रविवारच्या पुरवणीत माळरानावरच्या एका पक्ष्याचा फोटो 'साइक्सचा वटवट्या' म्हणून छापला आहे. कारण एकच दिले आहे: रंग राखाडी. बूटेड आणि साइक्स या दिसायला अगदी सारख्या दोन वटवट्यांच्या (वॉर्बलर) जोडीत रंगावर विसंबले की हमखास फसगत होते. कोवळ्या उन्हात साइक्सही तपकिरी दिसतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत पिसे झिजली की बूटेडही फिका पडतो.

आधी ब्लिथचा वटवट्या वगळावा, कारण हिवाळ्यात तोच जास्त भेटतो. त्याची शेपटी टोकाला गोलसर आणि कपाळ उतरते असते. आपल्या जोडीची शेपटी टोकाला सरळ कापल्यासारखी, कडेची पिसे पांढुरकी.

मग चोच. बूटेडची चोच आखूड व बारीक, खालच्या चोचीच्या टोकाला गडद डाग. साइक्सची लांब, आणि खालची चोच जवळजवळ टोकापर्यंत फिकी. डाग असलाच तर पुसट. बूटेडची भुवई, म्हणजे डोळ्यावरची फिकी पट्टी, डोळ्याच्या मागपर्यंत जाते, तिच्या वरच्या कडेला गडदसर रेघ असते, म्हणून चेहरा रेखीव वाटतो. साइक्सची भुवई डोळ्यापाशीच विरते, चेहरा कोरा. त्याची शेपटीही लांब भासते. बूटेड बहुधा खुरट्या झुडपांत, गवतात आणि जमिनीवरही किडे टिपतो, साइक्स बाभळीच्या फांद्यांत. पण बाभळीवर बसला म्हणून साइक्स, असे मात्र नाही.

फोटो अगदी बाजूने आणि चोच मिटलेली असताना घ्यावा. पक्षी थोडा जरी आपल्याकडे वळलेला असला तरी लांब चोच आखूड दिसते. भर दुपारी चोचीखालची सावली डागासारखी उमटते, म्हणून एका फोटोवर निकाल देऊ नये.

ब्रिटिश लष्करी अधिकारी व निसर्ग अभ्यासक विल्यम साइक्स यांनी 1832 मध्ये साइक्सच्या वटवट्याचे वर्णन केले ते दख्खनमधूनच. पुढे तो बरीच वर्षे बूटेडची उपजात मानला गेला. त्यामुळे जुन्या याद्यांतला नुसता 'बूटेड' या दोघांपैकी कोणताही असू शकतो, आणि त्या नोंदी आजच्या नोंदींशी सरळ ताडून पाहता येत नाहीत. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ई-बर्ड या संकेतस्थळावर 'बूटेड/साइक्स' असा जोडपर्याय आहे. चोच नीट दिसली नसेल तर तोच निवडावा. फोटोखालीही तसेच छापायला हरकत नसावी.

– एक पक्षीनिरीक्षक, पुणे