मंदास पत्र: भात सोडण्याआधी

सांगली

प्रिय मंदा,

तुझं पत्र परवा मिळालं. पोळी-भात आणि रात्रीचं जेवण बंद करून पहिल्याच आठवड्यात वजन 3 किलो उतरलं म्हणून तू खूश आहेस. पण ‘जिना चढताना गरगरतं’ हे तू एका ओळीत उरकलंस आणि माझा जीव तिथेच अडकला. तुला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत ना गं? त्यातल्या काही गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या तर रक्तातली साखर एकदम खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, भोवळ येते. रात्रीचं जेवण बंद करताना डॉक्टरांना विचारलं होतंस का?

आणि ते 3 किलो काही चरबीचे नाहीत. 1 किलो चरबी झडायला साधारण 7700 कॅलरींची तूट पडावी लागते. म्हणजे 3 किलोंना 23 हजार! आठवडाभर नुसत्या पाण्यावर राहिलीस तरी एवढी तूट पडणार नाही. पोळी-भात एकदम तोडला की यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीरानं राखून ठेवलेला साखरेचा साठा, संपत जातं. त्याच्या दर ग्रॅमबरोबर 3 ग्रॅमच्या आसपास पाणी असतं, तेही निघून जातं. तुझा काटा उतरला तो मुख्यतः त्यामुळे. चार दिवस नीट जेवलीस की तो पुन्हा चढेल आणि बिचाऱ्या भातावर आळ येईल.

भिशीतल्या बाई भात विष आहे म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. 100 ग्रॅम तांदूळ घे नाहीतर ज्वारी, कॅलरी दोन्हींत साडेतीनशेच्या आसपासच. ज्वारीत चोथा बराच जास्त, म्हणून भाकरीनं पोट भरल्यासारखं वाटतं, साखरही सावकाश चढते. तुला भाकरी चांगलीच. पण मूदभर भात, त्यावर दाट वरण, शेजारी भरपूर पालेभाजी आणि काकडीची कोशिंबीर, एवढ्यानं काही बिघडत नाही.

त्यापेक्षा तुझे आठवड्याचे दोन उपवास बघ. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाच. वर तूप, बटाटा, दाण्याचं कूट. एकादशी देवासाठी जरूर कर, पण ती वजनाच्या हिशेबात धरू नकोस. साखरेऐवजी गूळ घेतलास तरी कॅलरी जवळपास तेवढ्याच, आणि मध-लिंबाच्या पाण्यानं चरबी वितळत नाही. पोटाला बांधायचा तो पट्टा तर घेऊच नकोस. त्यानं फक्त घाम जातो.

मोजायचंच असेल तर कंबर मोज. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा धरतात, कारण आपल्या लोकांत पोटाभोवतीची चरबी लवकर साठते आणि मधुमेहाला तीच जास्त पोसते. उपाशी राहून स्नायू झिजवू नकोस. दोन्ही वेळच्या जेवणात डाळ, उसळ, दही किंवा अंडं असू दे आणि जेवणानंतर थोडं चालत जा.

पण हे सगळं नंतर. पत्र वाचलंस की आधी डॉक्टरांना फोन कर, गोळीचं नाव सांग, काय काय बंद केलंयस तेही सांग. ते काय म्हणाले ते मला लगेच कळव.

तुझी,
शैला